चिकटलो एकदाचा

"चिकटलो एकदाचा," असं फोरमन घरात शिरता शिरता म्हणाला, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दाने केला.

तो म्हणाला ते गमतीने. गोदामातला पहिला दिवस होता. दिवसभर उभं राहून त्याने खोक्यांवर पत्त्यांचे कागद चिकटवले होते आणि संध्याकाळी त्याची बोटं एकमेकांना सोडायला तयार नव्हती. बायको दारातच उभी होती. सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नसावा. घेतलं का तुम्हाला, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले आणि ते वाक्य टाकलं. तिने पंज्यांकडे पाहिलंच नाही. नवरा नोकरीला चिकटला, एवढंच तिच्या कानांनी घेतलं. तिचे डोळे भरून आले. ती भिंतीकडे वळली, डोळे मिटले आणि तिने हात जोडले. फोरमनचं हसायला उघडलेलं तोंड हळूच मिटलं. जोडलेले हात सोडवायला जाणार कोण? उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणाला. उद्याचं काय, त्याला रोज नवा उद्या मिळत गेला.

तो फोरमन आता राहिला नव्हता. शिवणयंत्रांच्या कारखान्यात जुळणीचा सगळा विभाग त्याच्या हाताखाली होता तो काळ गेला. कारखान्याला कुलूप लागलं, नावाला मात्र लागलं नाही. दूधवाला फोरमन म्हणायचा, न्हावी फोरमन म्हणायचा, शेजारची लहान मुलं फोरमनकाका म्हणायची. रिकामपणाच्या दिवसांत ती हाक पाठीमागून आली की त्याला कुणीतरी दुसऱ्यालाच बोलावतंय असं वाटायचं, आणि तरीही तो वळून ओ द्यायचा.

बातमी बायकोकडून मुलीकडे गेली, तेव्हा ती "बाबा मोठ्या कंपनीत लागले" अशी झाली. मुलीने सासूच्या कानावर घातली, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, फोरमन होते म्हणजे तिथेही त्याच जागेवर घेतलं असणार, अनुभवाला किंमत असतेच. विहीणबाईंकडून ती व्याह्यांपर्यंत पोहोचेतो फोरमनच्या हाताखाली माणसंही आली होती. यात खोटं कुणीच बोललं नाही. प्रत्येकाने आपल्या मायेचं बोटभर घातलं, एवढंच.

गोदाम शहराबाहेर, हमरस्त्याला लागून होतं. लांबलचक, करडं, एकही खिडकी नसलेलं. आत दिवस आहे की रात्र ते कळत नसे, दिवे मात्र दुपारच्या उन्हासारखे डोळ्यांत घुसत. तिथे कामगार हा शब्द चालत नव्हता. सगळे "सहकारी". इथे कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं आणि त्यातलं दुसरं तरी अगदी खरं होतं. नोकर कुठून असणार, नोकरीच कुणाला नव्हती. संध्याकाळी प्रत्येकाच्या फोनवर निरोप यायचा. कधी "उद्या यावे", कधी "उद्या आवश्यकता नाही". मनगटाला एक यंत्र बांधलेलं असे. हात थांबला की ते थरथरायचं, आणि माणूस लघवीला जाऊन जरा रेंगाळला तरी त्याला कळायचं. महिना संपला की कंत्राटदार सगळ्यांना कमी करायचा आणि दुसऱ्या दिवशी खोकी वाहणाऱ्या त्याच सरकत्या पट्ट्यावर, त्याच जागी, नव्याने घ्यायचा. आजारपणाची रजा, म्हातारपणाची तजवीज, असलं काही मागायला माणसाचं मूळच कुठे रुजू नये, म्हणून ही युक्ती.

"आवश्यकता नाही" असा निरोप आला की फोरमन बायकोला सांगायचा, उद्या सुट्टी दिलीय. ती बिचारी गल्लीत कौतुक करायची की कंपनी किती माणुसकीची, आठवड्याच्या मधेसुद्धा सुट्टी देते.

पलीकडच्या पट्ट्यावर गाण्याचे मास्तर होते. शाळेने गाण्याचा तास काढून टाकला, तेव्हा मास्तरही निघाले. ते खोकी ढकलताना हलकेच गुणगुणायचे आणि यंत्र थरथरलं की म्हणायचे, ताल चुकला वाटतं. एका सकाळी ते पट्ट्यावरून वाकून म्हणाले, काल टीव्हीवर ऐकलं का, राज्यात वर्षभरात सव्वा लाख नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या.

"झाल्या असतील," फोरमन म्हणाला.

"असतील काय, झाल्याच. त्यातल्या सात माझ्या एकट्याच्या आहेत. दर महिन्याला नवीन लागतो मी. तुमच्या किती?"

अख्खा पट्टा हसला. फोरमनही हसला, पण अर्ध्यावरच थांबून पुढच्या खोक्याकडे वळला. कारण तीच बातमी त्याने काल घरी बायकोशेजारी बसून पाहिली होती. पडद्यावर गोदामाचा दर्शनी भाग दाखवला, पिवळी जाकिटं घातलेली हसरी तरुण मुलं दाखवली, आणि बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, अहो, तुमची कंपनी. तिचा तो हात तिथून उचलला जाईपर्यंत त्याने गुडघा हलवला नव्हता. बातमी संपली आणि फोन वाजला. पलीकडे व्याही होते. रविवारी सगळे जेवायला येतोय, एक महत्त्वाचं बोलायचं आहे, एवढंच म्हणाले.

व्याही सरकारी कचेरीतून वरिष्ठ कारकून म्हणून निवृत्त झालेले. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढून जीभ धारदार झालेली. ते बसले की समोरच्याला आपला सदरा उसवलाय की काय असं वाटे. रविवारी जेवणं होईस्तोवर त्यांनी इकडचं तिकडचं काढलं. हवेचं झालं, गुडघ्यांचं झालं. फोरमनच्या बायकोने सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. मग व्याह्यांनी हात पुसले आणि ते फोरमनकडे वळले.

"फोरमनसाहेब, सरकारने सव्वा लाख नोकऱ्या काढल्यात म्हणे. त्यातली एक आमच्या चिरंजीवांच्या पदरात पाडा. चिकटवा कुठेतरी तुमच्याकडे."

फोरमन म्हणाला, जावईबापूंची तर कायमची नोकरी आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याची, म्हणजे डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी.

"कायमची खरी," व्याही म्हणाले. "सकाळी पाणी सोडतो, संध्याकाळी बंद करतो. एवढं तर आमच्या मोरीतला नळही करतो, आणि तोही कायमचाच आहे."

सगळे हसले. विहीणबाई हसल्या, मुलगीसुद्धा ओठांत हसली. जावई ताटातला शेवटचा घास बोटाने इकडून तिकडे फिरवत राहिला. तो अबोल, सरळ मुलगा. वडिलांचे असले टोमणे त्याने इतके गिळले होते की त्याला वेगळी भूक लागत नसावी. त्याने मान वर करून फोरमनकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि फोरमनला जे सोसवलं नाही ते म्हणजे त्या नजरेत आदरही होता.

सांगायची वेळ तीच होती. अहो, मी तिथे कागद चिकटवतो, माणसं नाही, एवढंच वाक्य. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. तेवढ्यात बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि अभिमानाने म्हणाली, यांच्या शब्दाला मान आहे तिथे, नाही का हो?

"बघतो," फोरमन म्हणाला.

बघतो हा शब्द आपल्या भाषेत मोठा सोयीचा. ज्याला नाही म्हणायचं असतं आणि तोंड होत नसतं तो बघतो म्हणतो, आणि ज्याला हो ऐकायचं असतं त्याला त्यात होच ऐकू येतं. व्याह्यांनी मांडीवर थाप मारली आणि झालं म्हणाले. फोरमनने स्वतःला समजावलं की आपण खोटं कुठे बोललो, फक्त खरं बोललो नाही. माणूस स्वतःला असं समजावतो खरा, पण देवाच्या दारात या दोघांसाठी वेगवेगळ्या रांगा असतील असं वाटत नाही.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. गोदामात सोमवारी मोठी भरती आहे, जावयाने राजीनामा लिहून ठेवलाय, शनिवारी कचेरीत देणार. हे म्हणतात, बाबांनी बघतो म्हटलंय म्हणजे काम झालं. मग तिने आवाज खाली आणला आणि म्हणाली, बाबा, घरात यांना आता जरा मान मिळेल, तुमच्यामुळे.

फोरमनने फोन ठेवला आणि बराच वेळ पायांतल्या चपलांकडे बघत राहिला. मुलगी नांदत होती ती त्या कायमच्या नोकरीच्या भरवशावर. जावयाला पाण्याच्या नोकरीवर पाणी सोडायला लावणारा आपणच, हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशीची "आवश्यकता नाही" आली, तेव्हा तो पंपघरावर गेला. जावयाला एकट्याला गाठून सांगायचं, असं ठरवून गेला. पंपघर टेकाडाच्या कुशीत होतं, जुनं, दगडी. आत दोन मोठे पंप एका सुरात घुमत होते आणि फरशी इतकी स्वच्छ की पाय ठेवायला जीव धजेना. जावयाची स्वतःची खुर्ची होती, तिच्यावर उशी होती. खिडकी होती. खुंटीला सदरा टांगलेला होता. फोरमनला त्या खुंटीकडेच बघत राहावंसं वाटलं. गोदामात डबा सोडला तर सगळं काही पोत्यात घालून बाहेर ठेवावं लागे, आत फक्त माणूस जात असे.

जावयाने लगबगीने खुर्ची दिली, स्वतः पालथ्या डब्यावर बसला, किटलीतला चहा ओतला. फोरमनने हळूहळू विषयाला हात घातला. काम बरं आहे की तुमचं, म्हणाला. रजा मिळते, आजारी पडलात तर पगार चुकत नाही, म्हातारपणी चार घास मिळतील. जावई ऐकून घेत होता. मग पंपांच्या घुमण्यावर आवाज चढवून, पण तरीही खालमानेने तो म्हणाला, "बाबा, मी दिवसभर बोललेला शब्द ऐकायला इथे कुणी नाही. घरी गेलो की नळ म्हणतात. तुमचा कारखाना गेला, तरी तुम्ही या वयात पुन्हा उभे राहिलात. मला वाटलं, तुमच्या शेजारी उभं राहिलो तर मलाही जमेल."

फोरमनने चहा खाली ठेवला. शेजारी उभं राहण्याचीच तेवढी सोय तिथे होती. बसायला काही नव्हतं. हे त्याला म्हणायचं होतं, आणि तो म्हणाला काय, तर घाई करू नका. एवढं बोलून तो उठला.

याचा जावयाने लावायचा तोच अर्थ लावला. सासऱ्याला आपली शिफारस करणं जड जातंय. त्याचा चेहरा पडला, पण तो दारापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, तुमच्यावर ओझं टाकणार नाही बाबा, फक्त दार दाखवा, पुढचं मी माझं बघेन. टेकाड उतरताना फोरमनला स्वतःची इतकी शिसारी आली की समोरून येणाऱ्या एका ओळखीच्याने "काय फोरमन, इकडे कुठे?" म्हटलं, तेव्हा पहिल्यांदाच त्याने ओ दिली नाही.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती चुलीशी होती, पाठमोरी. त्याला तेच बरं वाटलं. पट्टा, मनगटावरचं यंत्र, फोनवरचे निरोप, मधल्या सुट्ट्या, सगळं त्याने तिच्या पाठीला सांगितलं. त्याचं बोलून झालं तेव्हा तिने आच मंद केली, हात पदराला पुसले, मग वळली.

"म्हणजे त्या दिवशी बोटं दाखवत होतात, ती त्यासाठी?"

त्याने मान हलवली.

"मी तुम्हाला कधी म्हटलं होतं का, साहेब व्हा म्हणून?" तिचा आवाज चढला नव्हता. "खोकी उचलतो म्हणाला असतात, तर मी तेल लावून हात चोळून दिले असते. तुम्ही मला गल्लीभर मिरवू दिलंत. आता मी कुणाकुणाचं तोंड चुकवू?"

ती पुन्हा चुलीकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, आधी तिकडे जा. पोरीचं घर बुडायच्या आत जा. माझं मागाहून बघू.

तो तसाच निघाला. व्याह्यांच्या घरी सगळे बसलेले होते. मेजावर पाण्याच्या भांड्याखाली राजीनाम्याचा कागद दाबून ठेवला होता, सकाळी द्यायचा म्हणून. फोरमन बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला की मी तिथे कुणी नाही. पट्ट्यावर कागद चिकटवतो, बोलावलं तर जातो, नाही बोलावलं तर घरी. माझ्या शब्दाने तिथलं दारही उघडत नाही. जावईबापूंनी आहे ते सोडू नये.

फोरमनला वाटलं, झालं, सुटलो. पण व्याह्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, आणि त्यांच्या तोंडावर राग दिसला नाही, दुखावल्यासारखं दिसलं.

"नसेल जमत तर नाही म्हणा ना, फोरमनसाहेब. माणसाने स्वतःला इतकं खाली आणू नये. आम्हीच तोंड उघडायला नको होतं."

त्यांना तो बहाणा वाटला. ज्या बातमीत प्रत्येकाने आपली माया घातली होती तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला होता, आणि हे उघडंवाघडं खरं कुणाला पटेना. विहीणबाईंनी नजर फिरवली. जावई म्हणाला, जाऊ द्या ना, मी सोमवारी रांगेत उभा राहीन, ओळख नको. फक्त मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. लहानपणी ताप चढला की ती अशी बघायची. तिला कळलं होतं की नाही, ते फोरमनला कळेना. तिला विचारायचा धीर त्याला नव्हता.

"उद्या पाळी सुटताना गोदामाच्या मागच्या दारावर या," तो जावयाला म्हणाला. "व्याह्यांनाही आणा. तोवर हा कागद देऊ नका. मग तुमच्या मनात येईल ते करा. मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

घरी परत येताना त्याला आठवलं की उद्याचा निरोप अजून आलाच नाही. आवश्यकता नाही असं आलं तर? मग ते दारावर येतील आणि तो तिथे नसेलच, आणि साहेब लवकर निघून गेले असं होऊन बसेल. रस्त्याच्या कडेला थांबून त्याने देवाला हात जोडले. आयुष्यात त्याने पोटासाठी मागितलं होतं, पोरीच्या लग्नासाठी मागितलं होतं. उद्या मला खोक्यांवर कागद चिकटवायला बोलावू दे, असं मागताना त्याचे कान तापले. हे मागणं देवाच्या पायाशी ठेवायचं तरी कसं, सांगा. पण फोन थरथरला आणि "उद्या यावे" असं उमटलं, तेव्हा त्याने डोळे मिटून आभार मानले, आणि त्या आभारांचीही त्याला लाज वाटली.

शनिवारचा दिवस इतर दिवसांसारखाच गेला. पट्टा आला, खोकं आलं, कागद चिकटला, खोकं गेलं. मास्तरांनी दोनदा विचारलं, आज तब्येत बरी नाही का? फोरमनने मान हलवली. पाळी संपल्याची घंटा झाली आणि सगळे पाठीमागच्या जाळीच्या दाराकडे निघाले.

तिथे रोजची झडती असे. कुणी आतली वस्तू चोरून नेऊ नये म्हणून प्रत्येकाला उभं करायचं, खिसे उलटे करायचे, अंगावरून हात फिरवायचा, डबा उघडून बघायचा. झडती घेणारा पोरगा वाईट नव्हता, त्यालाही मनगटावर यंत्र होतं. जाळीपलीकडे रस्ता होता आणि बसची वाट बघणारी माणसं असायची, म्हणून बहुतेक जण रस्त्याकडे पाठ करून उभे राहत. फोरमन तर पहिल्या दिवसापासून पाठ करूनच उभा राहत आला होता.

त्याला ते दुरूनच दिसले. व्याही छत्री टेकून उभे होते, जावई त्यांच्या जरा मागे. आणि मुलगी. तिला त्याने बोलावलं नव्हतं. ती जाळीला बोटं अडकवून उभी होती.

फोरमनचा नंबर आला. पाय सवयीने वळायला लागले. त्याने ते थांबवले. रस्त्याकडे तोंड करून तो उभा राहिला आणि हात वर केले.

"काका, अजून वर," पोरगा म्हणाला. "रोज रोज सांगायला लावता."

त्याने अजून वर केले. काखेत घामाने सदरा चिकटला होता तो दिसला असणार. पोरग्याने अंगावरून हात फिरवला, कमरेला, पोटऱ्यांना. खिसे ओढून बाहेर काढले. डब्याचं झाकण उघडलं, आत बोट घालून उरलेलं अन्न चाचपलं, बंद करून परत दिला. पट्ट्यावर लक्ष ठेवणारी तरुणी हातातल्या पाटीवरची यादी बघत मागून ओरडली की म्हाताऱ्यांनी पटापट उरका, मागे रांग आहे. एवढ्या वेळात फोरमनने नजर खाली घातली नाही. त्याला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटतं तसं हेही वाटेल. तसं काही वाटलं नाही. मुलीने जाळीतली बोटं सोडवून तोंडावर धरली, तेव्हा मात्र त्याने डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. जावई पुढे आला आणि म्हणाला, "बाबा, कागद नाही दिला. सकाळची पाळी आहे माझी, जाईन."

फोरमनने मान डोलावली. मुलीचं घर राहिलं. जे मागितलं ते मिळालं. आयुष्यभर त्याने नवशिक्या पोरांना उत्तम काम कसं दिसतं ते उभं राहून दाखवलं होतं. आज त्याने शेतातल्या बुजगावण्यासारखे हात वर करून दाखवलं, की इकडे येऊ नका. हीच त्याची शिफारस.

ते बसच्या थांब्याकडे चालू लागले. व्याही त्याच्या बाजूने चालत होते. त्यांच्या जिभेवर एखादा टोमणा तरी येईल म्हणून फोरमन वाट बघत होता. त्याने तो आनंदाने झेलला असता. पण त्यांनी नुसता घसा साफ केला. थोड्या वेळाने त्यांनी छत्री काखेत मारली आणि फोरमनच्या हातातली डब्याची पिशवी स्वतःकडे घेतली.

फोरमन दचकला. मुलीच्या सासऱ्याने आपला उष्टा डबा उचलायचा म्हणजे काय? त्याने पिशवीला हात घातला. राहू द्या, मी घेतो, असं पुटपुटला.

"असू दे," व्याही म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते कधी बोललेले त्याने ऐकलं नव्हतं. "दमलायत तुम्ही."

त्याने पुन्हा हात पुढे केला, तेव्हा त्यांनी पिशवी पलीकडच्या हातात घेतली. मग त्याला काही करता येईना. मुलगी आणि जावई मागून येत होते, त्यांना हे सगळं दिसत होतं. मोकळे हात कुठे ठेवावेत ते फोरमनला सुचेना. त्याने ते खिशात घालायला नेले, तर खिसे झडतीनंतर तसेच उलटे बाहेर लोंबत होते. चालता चालताच, कुणाला कळू नये अशा बेताने, तो ते एकेक करून आत सारू लागला.